ठसका

बारा निळी पत्रं, शिक्का छप्पन एपीओ,
सरकीच्या पोत्यामागच्या पत्र्याच्या डब्यात.
कसर लागू नये म्हणून घातलेला कडुलिंब
पत्रांच्या आधीच चुरा झालाय.

दारव्ह्याच्या झेरॉक्सवाल्यानं काच दोनदा पुसली.
मावश्या, मामा, अमरावतीची मामेभावंडं,
सगळ्यांना एकेक प्रत द्यायची ठरलंय.

पंचफुला आजीला अक्षरओळख नाही.
एकाहत्तरच्या हिवाळ्यात डाकवाला गोमाजी
ओट्यावर बसून वाचायचा, अर्धी आळी ऐकायची:
बैलाचा खूर बरा झाला काय,
तूर किती झाली,
इकडे थंडी फार.

काल मी वाचत होते.
सातव्या पत्रात, तुरीच्या खालीच:
'रात्री बंदुकीला टेकून झोपतो.
तुह्या पाठीची सवय जात नाही.'

आजी शेंगा सोलत होती.
दाणे मुठीतच राहिले.
"अथीसा गोमाजीले ठसका लागला होता," म्हणाली,
"लय येळ. म्या पानी देल्लं त्याले."

मग दिवे लागेपर्यंत गप्प.
चुलीत फुंकर घालता घालता, माझ्याकडे न बघता:

"वाट सगळ्यायले, वाट.
पन वाचून दाखवशीन तवा
तथीसा तुलेबी
ठसका लागू दे."