खालचं भिंग

बाबांच्या उजव्या तर्जनीला एक पेर कमी होतं.
प्शेरोव्हच्या कारखान्यात, भिंगं घासायच्या खात्यात,
ते चाकाला देऊन आले तेव्हा मी जन्मायची होते.
वर सांगायचे, त्या दिवशीची बावीस भिंगं मात्र
सगळी पास झाली.

हे मी पाठ म्हटल्यासारखं सांगते,
कारण डोळे मिटले की ते बोट
मला डाव्या हाताला दिसतं.

कॅमेरा त्याच खात्यातला.
करडं कातडं, दोन भिंगं वरखाली,
आणि सगळ्यात खाली फोकसची दांडी,
हनुवटीवर उगवलेल्या मिशीसारखी.
दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी:
वरचा बघतो, खालचा ठेवून घेतो.
दोघांची मिळून असलेली टोपी कधीच हरवली होती.
बाबांनी औषधाच्या डबीचं झाकण घेतलं,
आतून बनात चिकटवली आणि खालच्या भिंगाला बसवलं.
"वरच्याला धूळ लागली तरी चालेल,
तो नुसता बघ्या आहे."

झाकण उघडलं की चार पाती उभी राहतात,
विहिरीला कठडा बांधावा तशी.
वाकून बघायचं. तळाशी, दुधी काचेवर,
जग उतरलेलं असतं, रंगांसकट,
फक्त उजव्याचं डावं झालेलं.
बेच्वा नदी उगमाकडे निघालेली.
सायकलवाला काचेत डावीकडे पळतो
आणि त्याला गाठायला उजवीकडे वळावं लागतं.
पहिल्या उन्हाळ्यात मी निम्मी माणसं अशीच हरवली.

लोकांना मात्र हा कॅमेरा चालतो.
तो कुणावर रोखला जात नाही.
मान खाली घालून उभी असलेली बाई
काहीतरी कबूल करत असणार, असं वाटून
ते सैल होतात.
बाजारात मध विकणारी स्वाटावा म्हणाली होती,
"आधी प्रार्थना आटप, मग काढ फोटो."

त्या सप्टेंबरात बाबा अंगणात आलुबुखार आटवत होते.
तांब्याची कढई, वल्ह्याएवढा उलथणा,
सकाळी सहापासून एकच काम: ढवळणं.
थांबलं की लागतं.
धुरात ऊन तिरपं आलं होतं
आणि मी रीळ भरलं. बाराच फोटो.
मी घाई केली नाही.
एकेकासाठी श्वास धरला, दांडी केसभर सरकवली,
बाबांच्या भुवईचा पांढरा केस स्पष्ट होईपर्यंत.
खट. चावी फिरव. खट.
प्रत्येक वेळी ते थोडे ताठ बसले.
बाराव्याला हसले.

नोव्हेंबरात ते गेले.
रीळ मी जानेवारीत धुतलं, न्हाणीघरात, दाराला चादर लावून.
फिल्म निघाली काचेसारखी स्वच्छ.
काठावर आकडे तेवढे, एक ते बारा.
मी आधी औषधांना दोष दिला, मग पाण्याला.
मग कॅमेरा घ्यायला गेले
तर तो खुंटीवर तसाच,
खालच्या डोळ्यावर डबीचं झाकण.

एकतीस वर्षं भिंगं घासलेला माणूस.
चार हातांवर, माझ्यासमोर, दिवसभर.
त्यांना दिसलं नसेल?
मोतीबिंदू होता, हे खरं. ऑपरेशनला नको म्हणत होते, हेही खरं.
पण बाराव्याला हसले ते कशाला?

बहीण द्राहोमीरा तिच्या लग्नाचा फोटो काढून दाखवते:
हे बघ, पेला उजव्या हातात, हे बोट.
मी मान हलवते. तिचंच बरोबर आहे.
पण त्या दिवशी मी त्यांना सरळ असं
एकदाही पाहिलं नाही. दिवसभर विहिरीतच वाकले होते.
आणि विहिरीत ते अजून
डाव्या हाताने ढवळताहेत,
तुटक्या बोटाची पकड जरा सैल,
धूर चुकीच्या बाजूला चाललेला.

मुरंब्याची एक बरणी उरली आहे.
झाकण घट्ट बसलंय.