इतिवृत्त

दिनांक अठरा मे, वेळ साडेअकरा.
सिव्हिल लाइन्समधलं जुनं सभागृह, दोन कूलर,
पैकी एकाचा पंप बंद.
उपस्थिती एकोणसाठ. मी साठावी,
पण लघुलेखिका स्वतःला मोजत नाही.

मधल्या खुर्चीत नियामक, श्री. विश्राम सोनकुसरे.
बारा वर्षांपूर्वी ते याच टेबलाच्या
पलीकडे बसायचे, कंपनीकडून.
तेव्हाही मीच लिहीत होते.
तेव्हा केस काळे, टाय निळा
आणि एक वाक्य, कन्हानच्या पात्रातल्या गोट्यासारखं गुळगुळीत :
"रेडिओ लहरींचा स्वभावच असा आहे;
संभाषण खंडित होणं हा दोष नव्हे, गुणधर्म आहे."
मी उतरवून घेतलं होतं. चांगलं वाक्य होतं.

त्यांच्याबद्दल नस्तीत एवढंच :
बुल्डीच्या टेलिफोन एक्स्चेंजात उमेदवारी,
राजीनामा, कंपनी, वर्धा रोडवर काचेचं ऑफिस,
लोकांच्या गच्च्यांवर उभे केलेले मनोरे,
निवृत्ती. मग नियमाप्रमाणे एक वर्ष
थंड होण्यासाठी घरी.
(नागपुरात थंड व्हायला वर्ष पुरत नाही
हे नियम करणाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं.)
मग ही खुर्ची.

तक्रार क्रमांक सात. निनावे, राहणार पाचपावली, धंदा विणकाम.
चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला.
"साहेब, पोरगी शारजात नर्स आहे माही.
मी फोन लावतो. ते 'बाबा' म्हन्ते न् लाइन कटते.
पुन्हा लावतो, पुन्हा 'बाबा'.
पैसे मात्र पुऱ्या मिनिटाचे."
सभागृहात हशा.
"आमच्या मागावर सूत तुटलं तं आमी थांबतो,
गाठ मारतो, मंग पुढं.
तुटल्याचे पैसे शेठले नाही मांगत.
तुमी काहून मांगता?"

कंपनीचा मुलगा उठला. तिशीचा, लॅपटॉपवाला.
म्हणाला, रेडिओ लहरींचा स्वभावच असा आहे,
संभाषण खंडित होणं हा दोष नव्हे...
शब्दशः. अर्धविरामासकट.
माझी पेन्सिल त्याच्या आधी 'गुणधर्म'पाशी पोचली.

सोनकुसरे साहेबांनी पाणी मागितलं. प्यायले नाहीत.
माइक बंद केला.
"हे वाक्य माझं आहे," हळूच म्हणाले,
"दिवाळीच्या आदल्या रात्री लिहिलं होतं.
बोनस मिळाला होता."
कोणाला म्हणाले, ठाऊक नाही.
मग माझ्याकडे बघून, "नोंदवू नका."

मी मान खाली घातली. टेबलाखाली
त्यांच्या हातात नस्तीची लाल नाडी,
मधोमध तुटलेली.
अंगठा, तर्जनी, एक वेढा, एक चिमटा,
ओलं बोट.
ती गाठ बघून येत नाही,
खटखट ऐकत झोपलेल्या लेकरांनाच येते.
माझं माहेर गोळीबार चौकातलं.
मला कळलं.

निर्णय : बोलल्या सेकंदांचेच पैसे घ्यावेत.
मुदत नव्वद दिवस.
कंपनी अपिलात जाईल. जिंकेलही.
वाक्य चांगलं आहे.

जिन्यात निनावेंनी विचारलं,
"बाई, सारं लिवलं ना?"
लिहिलं, म्हटलं.
पान नऊवर दोन ओळींची जागा सोडली आहे.

दुसऱ्या कूलरचा पंप तीन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला.