पावलाचा कागद

यादी मी कॅलेंडरच्या पाठीमागं करते.
मे महिन्याच्या, कारण मे आता संपलाच
आणि ते पान कुणाच्या कामाचं नाही.

वह्या बारा. त्यातल्या चार
गेल्या वर्षीच्या उरल्यासुरल्या कोऱ्या पानांच्या,
दाभणानं शिवलेल्या.
शिवलीला म्हणते, आई, ह्यात समासाच्या रेघा
कुठं लाल, कुठं निळ्या.
म्हटलं, असू दे. बेरीज काय रेघेचा रंग बघून येते?

दोन दप्तरं, दोन बाटल्या, एक डबा,
लातूरच्या कँटीनला तीनशे दहानं स्वस्त.
उदगीर ते लातूर, बायकांना अर्धं तिकीट,
मन्मथ मांडीवर बसला तर त्याचं नाही,
पण तो सात वर्षांचा, आणि कंडक्टरला डोळे असतात.
जाता-येता, उसाचा रस धरून, एकशे ऐंशी.
म्हणजे वाचले एकशे तीस
आणि गेला एक दिवस.
दिवस कुणी हिशेबात धरत नाही.
आमच्या घरात मोजतात ते फक्त सुट्टीचे.

रांगेत पुढं एक म्हातारे सुभेदार.
कुठल्या युनिटला म्हणून विचारलं,
मी सांगितलं, आणि त्यांनी जागा सोडली.
काउंटरवर कार्ड.
माझ्या नावाखाली छापलंय, डिपेंडंट.
मशीनमध्ये घालायच्या आधी
मी दर वेळी अंगठ्यानं तेवढाच शब्द झाकते.

गल्लीत परतले तर गोदाबाई दारातच,
माझ्यासाठी एक कुकर आणायचा न्हाई का गं, कार्डावर?
लै जणींना वाटतं, कार्ड म्हणजे झाड.

बूट मात्र मी यादीत लिहिले नव्हते.
बूट घेऊ नको, हे म्हणाले होते,
इकडं चांगले मिळतात, मीच पाठवतो.
दिवाळीच्या सुट्टीत मन्मथला वर्तमानपत्रावर उभं केलं,
पेन्सिल फिरवली,
पाचही बोटांचे चढउतार काढले,
घडी घालून पाकिटात, माझ्या फोटोशेजारी.

जूनच्या नऊ तारखेला पार्सल आलं.
काळे, चकचकीत, आत कागदाचे बोळे,
आणि टाच काही केल्या आत जाईना.
पाऊल दिवाळीचं. शाळा जूनची.

रात्री फोन.
काय करलालीस? बसले का बूट?
मी मन्मथकडं बघितलं.
तो सैनिकाचं लेकरू,
न सांगता तोंड मिटून घेतलं त्यानं.
बसले, म्हटलं. अगदी मापाचे.

मुजीब टेलरच्या धाकट्याला ते बसले, खरंच मापाचे.
मुजीबभाईंनी पैसे द्यायला गल्ला उघडला,
मी म्हटलं, राहू द्या, त्यापेक्षा पँट उसवून द्या खालून.
दुमड सोडली तशी
खाली बोटभर गडद निळी पट्टी निघाली,
उन्हात न गेलेली, साबण न लागलेली.
बाकी पँट दोन वर्षं जुनी,
तेवढं बोटभर कापड नवं कोरं.
शिलाई शून्य. यादीत लिहिलं.

खमितकरांच्या दुकानातून बूट घेतले,
एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून.
घासाघीस केली, वीस रुपये सुटले,
वर मोज्यांचा एक जोड मागून घेतला.
एकूण बचत, कॅलेंडरच्या कडेला, गोल करून:
चारशे चाळीस.
बुटाचे पैसे त्यातून मी वजा केले नाहीत.

आज पहिला दिवस.
लेकरं गेल्यावर घरात एकदम जागा झाली.

काल रात्री तो झोपेत असताना
त्याच्या पावलाखाली नवा कागद सरकवला,
ह्यांनी सुट्टीत येताना चपला आणाव्यात म्हणून.
फोटोत माप येत नाही, कागदच लागतो.
पाकिटावर गावाचं नाव लिहायचं नसतं,
नुसतं नाव, नंबर, मार्फत छप्पन्न एपीओ.

पेन्सिल ह्या वेळी पावलाला टेकवली नाही.
थोडी लांबून फिरवली,
ते घरी येईपर्यंत
हा जेवढा वाढेल, तेवढी.