इतवारीत, मधाची रवी

झाडेंनी काउंटरवर दोन ठेवल्या:
एक स्टीलची, दुकानातली ट्यूबलाइट गिळून बसलेली,
एक सागाची, ताकाच्या रवीचं सातमाशी पिल्लू जणू.

"स्टीलचीच न्या ताई. घासली का झालं.
लाकडाले बुरा येते."
बुरा? नागपुरात? मे महिन्यात?
झाडे हसले. कूलरचे शिंतोडे त्यांच्या मानेवर.

घरी धारणीहून आलेला मध आहे,
काचेच्या बरणीत, सगळ्यात वरच्या फळीवर.
ठेवलाय म्हणजे लपवलाय.

रात्री दीडला स्टूल सरकतं.
मग चमचा काचेला लागतो, टिण्,
आणि मग बराच वेळ काहीच नाही.
साखर दोनशे ऐंशी असलेला एक माणूस
अंधारात श्वास रोखून उभा.
सकाळी विचारलं की म्हणतात,
मांजर असेल.

स्टीलची वाजेल.
मला कळेल.
मला कळतंय हे त्यांनाही कळेल.

"मग, कोणती बांधू?"

लाकडाची, म्हटलं.
तिला थोडाच मध चिकटतो म्हणे.
कोण म्हणे, ते झाडेंनी विचारलं नाही.

आणि बरणी आजपासून खालच्या फळीवर.
त्या स्टुलाचा एक पाय
कधीचा हलतोय.