उष्टावण

चौथा आठवडा लागला आणि मांजरी उठली.
पिल्लं अंगाला लागलेली तशीच,
म्हणजे भरलं ताटच उठून चालायला लागलं.
करडं पिल्लू तोंड न सोडता
वीतभर फरफटत गेलं तिच्यामागे,
मग सुटलं, आणि माझ्याकडे बघून ओरडलं,
जणू मीच उठवलं तिला.

मांजर म्हणजे दूध, असं सगळं जग धरून चालतं.
दुकानातला आइविन म्हणाला, गाईचं अजिबात नको,
पोट सुटेल, एवढ्याशा जिवात पाणी ते किती.
त्यानं डबे मांडले गल्ल्यावर.
चष्मा पुसून मी बारीक अक्षरं वाचली:
पहिलं नाव मांसाचं असलं तर पिशवीत,
धान्याचं असलं तर परत फळीवर.
शेजारची राग्नफ्रिड म्हणाली, पैसे कशाला घालवतेस,
बाहेर अख्खं गाव वाळतंय.
खरंय. फेब्रुवारीत लोफोतेनला
माणसांपेक्षा कॉड जास्त,
शेपटीला शेपटी बांधून लाकडांवर टांगलेले.
पण वाळला तो दगड, पिंपातला तो नुसतं मीठ.
एवढ्या माशांच्या गावात
चार दुधाळ तोंडांसाठी मी डबा विकत आणला.

डबा गरम पाण्यात ठेवायचा, थेंब मनगटावर घेऊन बघायचा,
पिल्लांच्या दुधाच्या पावडरीत काट्यानं मळायचा,
आधी पेजेइतका, मग आटवलीइतका.
वाडगा नको. वाडग्यात नाक बुडतं. उथळ बशी.

हे मला नवं नव्हतं.
फ्रिजच्या दारावर सेनाईतनं चिकटवलेला कागद आहे,
ओदवारला इस्पितळातून घरी आणलं तेव्हाचा:
ताठ बसवा. घास लहान. पाण्यात दाटपणाची पूड.
गिळल्याशिवाय पुढचा चमचा नको.
पंचेचाळीस वर्षं बोटीवर उभ्यानं जेवलेला माणूस,
त्याला आता पाणीसुद्धा चमच्यानं.
काटे दोन ठेवले, मांजरांच्या काट्याला लाल दोरा.
मंगळवारी दोरा ओट्यावर सुटून पडलेला दिसला.
मी दोन्ही काटे उकळले
आणि कुणाला बोलले नाही.

पहिल्या दिवशी कुणी खाल्लंच नाही.
करडं बशीत चालत गेलं, चारी पायांनी.
दुसरं त्याच्यावर बसलं.
तिसरं शिंकलं. चौथीनं, सगळ्यांत बारकीनं,
भावाचा पाय चाटला, थांबली,
पुन्हा चाटला, आणि मग पायाखालचं.
असं झालं उष्टावण.
ओदवार खुर्चीतून बघत होता.
उजवी बाजू गेल्यापासून त्याच्याकडे एकच शब्द उरलाय,
आमच्या उत्तरेकडचा 'हो',
श्वास आत ओढून म्हणतात तो.
तेव्हा म्हणाला.

आणि ही बया?
सरपणाच्या ढिगावर, आमच्याकडे पाठ करून,
शेपटी पायांभोवती नीट गुंडाळून.
मला राग आला तिचा.
मग दिसलं: तोंड खिडकीकडे,
पण कान दोन्ही मागे वळलेले.
बशीवरची एकेक जीभ मोजत होती.

काल संध्याकाळी बटाटा आणि कॉड,
लोणी घालून चाळणीतून काढलेलं.
मी त्याच्यासमोर बसले, चमचा भरला,
आणि सवयीनं माझंच तोंड आधी उघडलं.
तिथंच थांबले.
चमचा त्याच्या डाव्या हातात दिला,
बोटं एकेक करून मिटवली त्यावर,
उठले, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

बाहेर बंदराचे दिवे, बर्फ,
बघण्यासारखं काही नव्हतं. बघत राहिले.
मागे चमचा ताटलीवर वाजला.
पडला.
पुन्हा वाजला.
मग बराच वेळ काही नाही.
मी वळले नाही.
पायाशी बारकी येऊन बसली होती, पोट टम्म, हनुवटीला खरकटं.

मग तो श्वास,
आत ओढलेला.