आळ

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बाबा सत्तावीस वर्षं
कास्टिंग वाजवून बघायचे.
छोटी हातोडी, दोन बोटांत सैल धरलेली,
एक टिचकी,
आणि मान थोडी डावीकडे.
ठण्ण म्हणालं तर लॉरीत.
ठद् म्हणालं तर परत भट्टीत.
आत पोकळी हाय, म्हणायचे, सुपारीएवढी.
फोडून बघितलं तर सुपारीएवढीच असायची,
फार तर शेंगदाणा.

कोचीला सहा महिने मी तेच शिकले.
हातोडीच्या जागी दोनशे किलोहर्ट्झ,
कानाच्या जागी सिरॅमिकची चकती.
पाण्यात आवाज सेकंदाला दीड हजार मीटर, जवळपास.
या 'जवळपास'वरच तीन आठवडे गेले:
पाणी तापलं की तो धावतो,
खारट झालं की धावतो,
गार थराशी आला की वाकतो,
सरळ कधी जातच नाही म्हणा ना.
आणि अन्नम्मा मॅडम प्रत्येक पेपरवर, लाल शाईनं:
दोननं भाग. आवाज जाऊन आलाय.

पहिलं काम राकसकोपला. तलावातला गाळ मोजायचा.
होडी सिद्रायची, वल्हं सिद्रायचं,
बिडीसुद्धा वाऱ्याकडे पाठ करून त्याचीच.
तपासणीची लोखंडी पाटी बाबांनी ओतून आणलेली,
रिटायर माणूस, जुन्या शेडमध्ये जाऊन, कुणाकुणाला चहा पाजून.
ती साखळीला बांधून बरोबर दोन मीटरवर सोडली.
पडद्यावर दोन मीटर तीन सेंटी.
वेग जरासा कमी केला.
दोन मीटर शून्य.
वाटलं, आलं की मला.

पलीकडच्या काठाजवळ, जांभ्याच्या खडकावर,
तळ एकाएकी खचला.
नऊ मीटर वीस. सलग, ठळक, काळीशार रेघ.
मी वहीत लिहिलंसुद्धा: जुनी खाण?
सिद्राय वाकून बघत होता.
"इल्लऽ अव्वा," म्हणाला, "इष्ट आळ इल्ल."
आणि बांबू उभा सोडला.
खट्ट.
वर काढून ओल्या खुणेवर हात ठेवला.
अडीच परस. त्याच्यावर बोटभर.

आळ.
त्याच्या कन्नडात खोली.
माझ्या मराठीत, न केलेल्या चोरीचा डाग.
शाळेत हे दोन्ही शब्द एकाच बाकावर बसायचे,
खोडरबर एकच वापरायचे,
आणि एवढ्या वर्षांत मला
त्यांची ओळख करून द्यावीशी वाटली नव्हती.

त्या 'खट्ट'नं डोक्यात काहीतरी हललं.
तळ कडक. आवाज वर आला,
पाण्याच्या पाठीला आतून धडकला,
परत खाली गेला, परत वर आला.
यंत्रानं पहिल्याला सोडलं आणि दुसऱ्याला धरलं.
तळ्याला दुप्पट खोल ठरवून मोकळं झालं.
अन्नम्मा मॅडमनी हे फळ्यावर काढलं होतं.
मी वहीत उतरवून घेतलं होतं, तीन रंगांत.
ऐकलं नव्हतं.

खाण खोडली. शेजारी लिहिलं: आळ खोटा.
सिद्रायनं विचारलं, काय लिवलीस?
सांगितलं.
वल्हं पाण्याबाहेर धरून तो बराच वेळ हसला,
होडी आपोआप थोडी फिरली,
माझी सर्वेची रेघ वाकडी झाली ती तशीच आहे, अजून, नकाशात.

घरी बाबा भुईमूग सोलत बसलेले.
कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे पानाच्या डब्यात.
"पाटी दोन मीटरला बरोबर लागली, बाबा."
काही नाही.
एरवी मी ओरडून परत सांगते.
आज थांबले.
जायला लागतो तेवढा वेळ,
यायला लागतो तेवढा.
मध्ये कुकरची एक शिट्टी गेली,
रस्त्यावरनं एक टेंपो.
मग टरफल फोडता फोडता, वर न बघता:
"लागणारच की.
वाजवून दिलोय नव्हे?"