चेकिंग टेबल

पहिल्या तासाला सरांनी विचारलं, आधी काय करायचात?
रेवणसिद्ध बिराजदार म्हणाला, एसटीत कंडक्टर, सोलापूर-इंडी.
नसरीन बागवान म्हणाली, औषधाचं दुकान, काउंटरच्या आत.
मी म्हणाले, टॉवेल.
सर थांबले, पुढं अजून काही येईल म्हणून.
सव्वीस वर्षांचे सर. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर,
आणि दोघंही जरा अवघडतो.

टॉवेल म्हणजे चेकिंग.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी, अकरा वर्षं,
ट्यूबलाइटखालचं टेबल, नाकात कापसाची कूस.
एखादा तुटलेला धागा, एखादा ढिला लूप,
किनारीपासून तीन बोटांवर तेलाचा ठिपका.
डोळ्याला चुकतं ते पालथ्या हाताला कळतं,
हे मला चिलवेरी मावशीनं शिकवलं
तेलुगूत,
मराठीत तिला नीट रागावता यायचं नाही म्हणून.

इथंही लूप आहे.
तिकडचा लूप अंग पुसतो,
इकडचा अट संपेपर्यंत फिरत राहतो,
आणि अट लिहायची राहिली तर मशीन तापतं,
बिराजदार म्हणतो, घाटात अडकलेल्या गाडीसारखं.

दुसऱ्या सेमिस्टरला गणित राहिलं.
बी.कॉम. होऊन सतरा वर्षं झालेली,
संच, उपसंच, रिकामा संच,
हारिका दहावीला, तिच्याच टेबलावर मी,
ती म्हणाली, आई, हे आम्हाला नववीत होतं.
शेजारच्या खिडकीतून आवाज आला,
काय करलालीस गं एवढ्या रात्री?
म्हटलं, रिकामा संच.
खिडकी लागली.

टेस्टिंगच्या पेपरात प्रश्न होता: दोष म्हणजे काय?
पुस्तकातली व्याख्या लिहिली, जशीच्या तशी.
दहापैकी चार.
तळहाताबद्दल लिहिलं असतं तर
किती मिळाले असते, माहीत नाही. कदाचित दोन.

प्रोजेक्ट आमचा तिघांचा:
कुठल्या पेठेला कुठल्या दिवशी पाणी, ते सांगणारं ॲप.
पाणी पाचव्या दिवशी, म्हणून बिराजदारनं
तारखेत पाच मिळवले, आणि चाललं.
नसरीननं रंग दिले. सर म्हणाले, छान.
मला मात्र हात फिरवल्याशिवाय घडी घालता येत नाही.
एकतीस तारीख टाकली.
ॲप म्हणालं, पुढचं पाणी छत्तीस जुलैला.

बिराजदार एवढा हसला की वॉचमन वर आला.
मी हसले नाही.
कोणी बाई त्या छत्तिसाव्या जुलैची वाट बघत
घागरी मांडून बसली असती.

आता पुण्याच्या कंपनीचा फॉर्म उघडलाय.
रात्रीचे दोन, आज आमच्या गल्लीची पाळी,
लॅपटॉप पिठाच्या डब्यावर, नळाखाली बादली.
आयटीतला अनुभव: शून्य.
त्याखाली: करिअरमधला खंड, वर्षे.

खंड.
अकरा वर्षं मला पगार मिळाला तो
खंड शोधायचाच.

रकान्यात 'टॉवेल' लिहून बघितलं. लाल अक्षरं आली,
फक्त आकडे.
अकरा लिहिलं. घेतलं.
खोडलं.
हात थांबेना, उणे अकरा लिहिलं.
घेतलं!
हिरवी खूण, पुढं जा.

जुनी चेकिंगची वही काढली, मागची पानं कोरी होती.
तारीख टाकली.
दोष: एक.
जागा: खंड, वर्षे.
तपशील: उणे चालतं.
प्रत: बी.

त्यांना कळवावं की आधी नोकरी लागू द्यावी,
याचा विचार करत होते
तेवढ्यात नळातून हवा सुटली.